तळं पिणारीचं पान

धान कापणीला आलं की वाऱ्याला एक वास येतो. किंचित दुधाळ, किंचित धुळकट. आता आमच्याकडे कापणीला यंत्र येतं, दोन दिवसांत साऱ्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या होतात, आणि मी ओसरीवर बसून त्याची घरघर ऐकत असते. सुनेला वाटतं, म्हातारीला शेताची आठवण येते. येतेच. पण लोकांना हा हंगाम जितका गोड वाटतो तितका मला कधीच वाटला नाही. कार्तिकातलं ते पिवळं ऊन अंगणात उतरलं की मी खुर्ची मागे सरकवते. तसल्याच एका हंगामात मी एकवीस वर्षांची होते, आणि देवी होते.

देवी कशी झाले ते सांगायला हवं.

माझे सासरे पोथ्या लिहीत. मी त्यांना मामाजी म्हणे. गोंदियापासून पायी दीड तासावरचं आमचं गाव. जिल्हा तेव्हा भंडारा होता आणि राज्य मध्यप्रदेशाचं. गावाला एक मोठा तलाव, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, देवीचं देऊळ, आणि देवळात त्या देवीच्या माहात्म्याची जुनी पोथी. मामाजींच्या पणजोबांच्याही आधी कुणीतरी लिहिलेली. आडवी सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या, लाल कापडाचं वेष्टन. काजळात डिंक खलून केलेली शाई इतक्या वर्षांनीही ओली वाटावी अशी काळी. अधूनमधून चित्रं. त्या पोथीला उधई, म्हणजे वाळवी, लागली. गावचे जमीनदार असलेल्या मालगुजारांनी मामाजींना बोलावून सांगितलं, नवी लिहा. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण गाव त्यांना मालगुजारच म्हणे. तलाव मात्र आता सरकारचा झाला होता, आणि सरकार गावात राहत नव्हतं.

मामाजींचं अक्षर अजून ताठ होतं. मनगटाखाली उशी घेऊन ते बोरू चालवत आणि ओळीवरची रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ येई. पण चित्राचा हात गेला होता. कुंचला बारीक, हात कापरा. डोळा काढायला गेले की बुबुळ गालावर ओघळे. तीन चेहरे त्यांनी पिवळी हरताळ फासून पुसले आणि चौथ्यांदा कुंचला खाली ठेवून भिंतीकडे बघत बसले.

माझ्या नवऱ्याचं गोंदियाला स्टेशनाजवळ फोटोचं दुकान होतं. रविवारी ते घरी येत. त्यांनीच सुचवलं. चेहरे आपण फोटोचे लावू. फोटो काढू, कापून पानावर चिकटवू, आणि वरून तुम्ही मुकुट, दागिने, प्रभावळ रंगवा. कडेची वेलबुट्टी तुमची, अक्षर तुमचं. मामाजी तीन दिवस जुनी पानं उलटत राहिले. चौथ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "जुन्यायनं सोन्याचा वर्ख लावला, आपन फोटो लावू. देव का इचारते कायनं केलं म्हून?"

मालगुजारांना कल्पना फार आवडली. कॅलेंडरवरच्या देवांसारखं खरंखुरं दिसेल, म्हणाले.

त्या माहात्म्यातली गोष्ट आमच्या गावापुरतीच आहे. तलाव खोदला तेव्हा गावात एक बाई होती. तिचं कुणी नव्हतं, तिला शेत नव्हतं. दुसऱ्यांचं धान हिरवं बघून ती जळे. एके दिवशी ती पाळीवर ओणवी झाली आणि तोंड लावून सारा तलाव पिऊन गेली. धान वाळलं. तेव्हा देवी आली, तिच्या पोटावर पाय ठेवला, पोट फोडलं आणि पाणी परत वाहतं केलं. जुन्या पोथीत या प्रसंगाचं पान सगळ्यात देखणं होतं. देवी एका बाजूनं रंगवलेली, लांब मासोळी डोळा, टोकदार नाक. पायाखालची तळं पिणारी, तिलाही तसाच मासोळी डोळा आणि तसंच नाक. फक्त अंगाचा रंग निळसर आणि तोंड उघडं. दोघी बहिणी वाटाव्यात.

मी पुष्कळदा विचार करते, त्या जुन्या चिताऱ्यांना चेहरे काढता येत नव्हते असं थोडंच आहे? फुलाची एकेक पाकळी, वासराच्या अंगावरचे केस त्यांनी काढलेत. पण माणसाचा चेहरा ते सगळ्यांना एकच देत. पुण्यवान असो, पापी असो, डोळा एकच. त्यामुळे पोथीतलं पाप कुणाच्या घरी राहत नसे. ते पानावरच राहायचं. आम्ही त्याला घर नेमून दिलं.

देवी म्हणून मला बसवायचं ठरलं. सवाशीण, गोरी, घरातली. तळं पिणारी म्हणून बसायला कुणी तयार होईना. नवरा म्हणाला, दोन्ही तूच हो. लुगडं बदल, केस मोकळे सोड, कुणाला कळतं. मी तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होते. पोटावर पाय, फाटलेलं पोट, हे मला अशुभ वाटलं. पण खरं सांगू का, ते एवढंच नव्हतं. ज्या पानावर मी देवी, त्याच पानावर खाली पडलेलीही मीच, हे मला नको होतं.

मी म्हटलं, "बाईले बसवा ना. त्यायचं काय जाते?"

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, भागीरथी. थोरल्या दिरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचं वय तेव्हा तीसच्या आतलंच. मूलबाळ नव्हतं. मी गोंदियासारख्या शहरातून आलेली, विळा कसा धरतात ते ठाऊक नसलेली. तिनं मला चिखलात उतरवलं, भाताच्या रोवण्यात कंबर कशी वाकवायची ते दाखवलं, माझ्या बोटातले काटे काढले. माझ्या वाटचं कांडण ती करून टाकी आणि मामाजींना म्हणे, लहानीनंच केलं. तिचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. हसताना ती तोंडावर हात धरी. नवऱ्यामागे तिच्या वाटच्या दोन बांध्या होत्या, तलावाच्या अगदी खालच्या, गावातल्या चांगल्यांपैकी. त्या ती स्वतः कसे.

फोटो काढायचा म्हटल्यावर ती लाजली. विधवेचा फोटो कोण काढतो? तिचा तोवर एकही फोटो नव्हता. "पोथीत माहा फोटो?" तिनं दोनदा विचारलं. कोण व्हायचं आहे ते सांगितलं तेव्हा म्हणाली, "होऊ दे ना. देवीच्या पायाखाली तं देवीच्या पायाखाली. जागा वाईट नाही."

अंगणात पांढरी चादर बांधली. तीन पायांवर लाकडी कॅमेरा, त्याच्यावर काळं फडकं, फडक्याखाली माझा नवरा. आधी माझा फोटो झाला. उजवा पाय उचलून गुंडाळलेल्या गोधडीवर ठेवायचा. मग तिचा. तिला जमिनीवर आडवं केलं, केस मोकळे केले.

"वहिनी, तोंड उघडा. पानी पेऊन राहिल्यासारखं. अजून मोठं. हात काढा तोंडावरचा. हिलू नोका, प्लेट खराब होईल."

तिनं हात काढला. सवयीनं तो पुन्हा तोंडाकडे गेला. नवरा ओरडला. तिनं हात पाठीखाली दाबून घेतला आणि तोंड उघडलं.

फोटो उन्हातच छापायचे. काच आणि कागद लाकडी चौकटीत अडकवून अंगणात ठेवायचे. ऊन लागेल तसा चेहरा कागदावर वर येई. आम्ही दोघी चौकटीशेजारी उकिडव्या बसलो होतो. तिचा चेहरा आला. उघडं तोंड, तुटका दात, ताणलेल्या शिरा, आणि नवऱ्याच्या ओरडण्यानं डोळ्यांत आलेली भीती. कागदावर ती भीती भीतीसारखी दिसत नव्हती. ती हावरेपणासारखी दिसत होती.

"मी का अशी भेसूर हाये वं सुमे?" ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसली.

मामाजींनी पान पुरं केलं. माझा पाय तिच्या पोटावर नेमका बसला. माझ्या डोक्यावर मुकुट आला, नाकात नथ, मागे वर्खाची प्रभावळ. तिचं अंग निळं झालं. दातांना सुळे काढले, पण तुटका दात त्यांनी तसाच ठेवला. म्हणाले, त्यानं जिवंतपणा आला आहे.

नवरात्रात नवी पोथी देवळात गेली. रोज एक अध्याय वाचायचा आणि चित्राचं पान आलं की ते उचलून चारी बाजूंना दाखवायचं, अशी रीत. आठव्या माळेला ते पान आलं. बायका पुढे सरकल्या. आधी मला ओळखलं. कुणी म्हणालं, अगंबाई, हे तं लहान सून! कुणी हसत हसत माझ्या पाया पडलं. नारळ माझ्या ओटीत आला. मला फार बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मग पान खाली झुकलं आणि पुढे बसलेली सगुणा नावाची बाई म्हणाली, "आन हे भागीरथी हाये. दात पाहा."

पुढचं पान वाचायला घेतलं तरी बायका मागच्या पानाबद्दलच कुजबुजत होत्या.

त्या वर्षी पाऊस भाद्रपदातच थांबला. तलाव होता म्हणून कुणी घाबरलं नाही. पण तलावाची पाळ आतून झिरपत होती. पाणी सोडायचं दारही कुजलं होतं. आधी दर उन्हाळ्यात मालगुजाराची माणसं पाळीवर माती टाकत, दाराची फळी बदलत. आता तलाव त्यांचा नव्हता, त्यांनी हात काढून घेतला. सरकारकडे अर्ज गेला, अर्जाचं उत्तर आलं नाही. आश्विन सरता सरता पाणी झपाट्यानं उतरू लागलं. लवकर येणारं हलकं धान निघालं. उशिरा येणारं जड धान पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या बेतात, आलं होतं, त्याला दोन पाणी हवी होती, आणि तलावाच्या मध्यावर चिखल दिसू लागला होता. म्हशी पाण्यात बसायच्या तिथं पोरं चालत जाऊ लागली.

सगळ्यांना ठाऊक होतं पाणी कुठून जातं. पाळीच्या मागच्या बाजूला ओल दिसायची, गवत हिरवंगार होतं. आणि त्या ओलीला लागूनच भागीरथीच्या बांध्या. साऱ्या गावाचं धान पिवळं पडत होतं, तिचं तेवढं हिरवं.

पहिल्यांदा बायका विहिरीवर तिच्या आधी पाणी भरायला लागल्या. मग तिची बादली बाजूला ठेवायला लागल्या. मग एक दिवस सगुणानं तोंडावर सांगितलं, "तू तलावाच्या पारीवर येऊ नोको. आता जे उरलं ते तरी राहू दे."

भागीरथीला वाटलं, थट्टा आहे. ती हसली. तोंडावर हात धरायला विसरली. समोरच्या बायका दोन पावलं मागे सरल्या, आणि तो तुटका दात दिसल्यामुळेच सरल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर तिनं चारचौघांत पाणी पिणं बंद केलं. मी आधी लक्ष दिलं नाही. जेवताना तिच्या पानाजवळ तांब्या नसे. नंतर कळलं, ती दाराआड जाऊन, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं दोन घोट घेते. कुणी आलं की तांब्या खाली ठेवते आणि पदरानं ओठ कोरडे करते. स्वतःच्या घरात. चोरासारखं.

एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी धान पाखडत होते.

"सुमे, एक काम कर. मामाजीले म्हन, माहं ते पान काहाडून टाका. दुसरं लिहा, कोनाचंबी तोंड लावा. मी सांगतलं तं नाही आयकनार. तुहं आयकतेत."

"हो बाई, आजच सांगन."

"आजच सांग."

मी सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मामाजींनी ऐकलं असतं की नसतं, मला माहीत नाही. देवापुढं वाचलेलं पान फाडणं त्यांना मोठं पाप वाटलं असतं, पण मी पोटुशी होते, माझं मन मोडताना त्यांनी विचार केला असता. मी विचारलंच नाही, कारण त्या पानावर माझाही चेहरा होता. तिला काढायचं म्हणजे मलाही काढायचं. आणि बायका देवळातून येताना अजून माझ्या घरावरून हळू चालत, उंबऱ्याला हात लावत. एवढ्या सुखासाठी. दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, अजून सापडलेलं नाही.

ती रोज माझ्याकडे बघे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मामाजी नाही म्हनतेत." तिनं मान हलवली.

मग कापणी आली. जे काही दाणा धरून होतं ते कापायचं. आमच्या बांध्यांत गावच्या दहाबारा बायका होत्या, त्यांत सगुणाही. भागीरथीनं आपलं धान आधी कापून, बांधून, पेंढ्यांचं पुंजणं रचून ठेवलं होतं. मग ती आमच्या बांधीत आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. घरचंच शेत म्हणून आली. बायकांनी तिच्या दोन्ही बाजूंच्या ओळी मोकळ्या सोडल्या. ती एकटी कापत गेली, सगळ्यांच्या पुढे, खसाखसा. दुपार झाली तरी तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. बांधीच्या कडेला धुऱ्यावर मातीचा घडा होता. मी तांब्यानं सगळ्यांना पाणी देत होते, कारण वाकायला मला जमत नव्हतं.

ती उठून धुऱ्याकडे आली. ओठ पांढरे झाले होते. दोन पावलांवर आली आणि तिचे गुडघे गेले. बसली नाही, कोसळलीच. हात लांब करून म्हणाली, "सुमे, पानी."

तांब्या माझ्या हातात भरलेला होता. सारे विळे थांबले. सगुणा म्हणाली, "पाहा बाप्पा, मागून राहिली."

मी तांब्या पुढे केला नाही. म्हणाले, "घरी चाला बाई. घरी पानी पेजा."

घर अर्ध्या कोसावर होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला नीटसं कळलंच नव्हतं की हे मी बोलले. मग कळलं. ती हातांवर जोर देऊन उठली आणि घराकडे चालू लागली. वाटेत दोनदा बसली. मी घड्यापाशी उभी राहून मोजत होते, किती वेळा बसते. एका बाईनं तांब्या मागितला, मी तिला पाणी दिलं.

ती मेली नाही. संध्याकाळी घरी गेले तेव्हा ती चुलीशी बसून भाकरी थापत होती. मामाजी पडवीत पोस्टकार्ड लिहीत होते. आमगावच्या पलीकडे तिच्या भावाचं गाव, त्याला. बहिणीची तब्येत बरी नसते, काही दिवस घेऊन जावं. बोरूनंच लिहिलं होतं. पोथीतल्यासारखं अक्षर, ओळीवरची रेघ सरळ, एक अक्षर खोडलेलं नाही.

भाऊ आठ दिवसांनी बैलगाडी घेऊन आला. धान तेव्हा खळ्यावर आलं होतं. तिला खळ्यात पाय ठेवू दिला नाही, म्हणून तिनं आपल्या बांध्यांचं धान लांबूनच पाहिलं. गाडीत बसताना माझ्याशी बोलली नाही. तिच्या वाटच्या दोन बांध्या पुढे आम्हीच कसल्या. आजही माझा मुलगा कसतो. पुढच्या उन्हाळ्यात सरकारचं माणूस आलं आणि पाळीला माती टाकली. तलाव भरला. लोक म्हणाले, बघा, ती गेली आणि पाणी थांबलं.

मध्यंतरी मी देवळात जाऊन ती पोथी उघडायला लावली. मामाजींची अक्षरं तशीच काळीभोर आहेत. माझा चेहरा उडाला. फोटो नीट धुतला गेला नसावा, पिवळा पडत पडत पुसट झाला. मुकुट आहे, नथ आहे, मध्ये कुणी नाही. तिच्यावर रंगाचे थर जास्त होते म्हणून ती टिकली.

मामाजी गेले त्या साली मी आमगावची गाडी धरली. तिला भावाकडे जाऊन सहा वर्षं झाली होती. सासरे गेल्याचं सांगायला, असं मी घरी सांगितलं. ती भावाच्या घरामागे, वेगळ्या खोलीत राहत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून उठली, पाय धुवायला पाणी दिलं, चटई टाकली. मामाजींचं ऐकून थोडी रडली. माझ्या मुलाचं नाव विचारलं.

मी सांगून टाकलं. "बाई, मी मामाजीले बोललीच नव्हती. पान काढा म्हून. खोटं सांगतलं तुमाले."

ती चुलीत फुंकर घालत होती. थांबली. "मले वाटतच होतं," म्हणाली. आणि मी पुढचं बोलायच्या आत, "माफी मांगाले आलीस ना?"

मी मान खाली घातली.

"जेव. गाडीले येळ हाये, तवरिक बस. पन ते मांगू नोको. ते मी देत नाही."

आवाज चढवला नाही. ताट वाढलं. नव्या तांदळाचा भात, वरून वरण, लसणाची चटणी. मी जेवले. तिनं दुसऱ्यांदा भात आणला, मी नको म्हणाले नाही. हात धुतल्यावर ती दारापर्यंत आली.

"आता येऊ नोको, सुमे."

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. आमगाव गोंदियाहून गाडीनं पाऊण तासाच्या आत येतं. मी गेले नाही.